वंगण

जानेवारीत दुकान साडेचारलाच अंधारतं.
चौथ्या रस्त्याच्या उतारावर, लाँड्रीला लागून,
वेइक्को हाविस्तोची पाटी: सायकली. दुरुस्ती. उधारी नाही.
उधारी आहे. सगळ्यांचीच आहे.
मागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेली असते
आणि दर एप्रिलात वरचा बर्फ वितळून छत गळतं,
निम्मी पुसली जाते.
वेइक्को छत दुरुस्त करत नाही.

मंगळवारी रात्री सगळे जमतात.
बूट हीटरभोवती, मोजे पाइपावर,
ओल्या लोकरीचा आणि रबराचा वास.
डेल्बर्ट खाणीतून निवृत्त, तो फक्त पाऱ्यावर पैजा लावतो.
अब्दिरिझाक रात्रपाळीला जाता जाता टेकतो.
इस्पितळापर्यंत सहा मैल, चार इंची टायरवर.
आई फोनवर विचारते, गाडी घेतलीस का?
तो हो म्हणतो. किती चाकांची, ते सांगत नाही.

आणि मार्लिस. शाळेची बस चालवते, अठ्ठावन्न वर्षांची.
सरहद्दीपासून तळ्यापर्यंतची शर्यत, एकशे दहा मैल बर्फ,
पाच वेळा पुरी केलीय, पाचही वेळा शेवटून दुसरी.
एकदा तरी शेवटची यायचंय, म्हणते,
म्हणजे मागे कोण राहिलं याची काळजी नको.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी तिचं मागचं चाक मी उघडलं.
हबच्या पोटात तीन कुत्री असतात, नखाएवढी.
ती चावतात तेव्हा सायकल पुढे जाते.
थंडीत त्यांना पातळ वंगण लागतं.
पातळाचा डबा रिकामा होता.
दुसरा होता, उन्हाळ्याचा, मधासारखा.
सहा वाजून गेले होते.
मी बोटभर लावलं.

उणे चौतीस. डेल्बर्ट चार अंशांनी हरला.

ब्याऐंशीव्या मैलावर कुत्री झोपली.
पेडल गरगर, चाक ढिम्म.
तिनं थर्मासातलं सूप हबवर ओतलं,
अर्धा मैल चाललं, पुन्हा तेच.
चौकीवरून निरोप आला: हब गेलं, ढकलत येतेय.

दुकानात कुणी माझ्याकडे बघितलं नाही.
वेइक्कोनं फळीवरचा डबा उचलला,
झाकण काढून वास घेतला,
परत होता तिथे ठेवला.

अठ्ठावीस मैल.
मी तळ्याकाठी उभा होतो, तंबू गुंडाळणाऱ्या माणसांत.
झाडांमधून एक दिवा हलायचा, थांबायचा,
इतका वेळ थांबायचा की मी श्वास मोजायला लागायचो.
ती पोचली तेव्हा मुदत संपून चाळीस मिनिटं झाली होती,
म्हणजे यादीत ती शेवटचीसुद्धा नाही.
पापण्या बर्फानं जुळलेल्या.
कॉफी आहे का, म्हणाली.
होती. गार.

पुढच्या मंगळवारी तिनं चाक काउंटरवर ठेवलं.
उघड.
उघडलं. आत विझल्या मेणबत्तीसारखं पिवळट काहीतरी.
तिनं बोट घातलं,
माझ्या एप्रनला पुसलं.
"बसमध्ये चाळीस पोरं असतात," म्हणाली.
"मी रोज ब्रेक तपासते. रोज."
मग बूट काढले, मोजे पाइपावर टाकले
आणि अब्दिरिझाकला विचारू लागली,
इस्पितळाच्या चढावरची वाळू टाकली का रे अजून?

भिंतीवर कुणाचं नाव लिहायचं ते वेइक्को ठरवतो.
त्या रात्री त्यानं माझ्या नावापुढे लिहिलं:
२८ मैल.
काही बोलला नाही. खडूचा हात पँटला झटकला.

एप्रिल आला. छत टिपकतंय.
डेल्बर्टचे चौदा डॉलर ओघळून गेले,
अब्दिरिझाकची साखळी, दोन ट्यूब, सगळं पांढरं पाणी.
मी एक जुनी ट्यूब उभी चिरून
माझ्या ओळीच्या वर खिळली, तिरपी,
पाणी वळावं म्हणून.

डेल्बर्ट मान मागे टाकून बघत राहिला.
मेपर्यंत टिकायची नाही, म्हणाला.
लावतोस?